तुमची रात्र सकाळी नऊला सुरू होते

पत्र:

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मी ३७ वर्षांची आहे. वाळूज एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, आठ वर्षं झाली. कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, पण माणसं कमी असली की थर्ड शिफ्ट महिन्यात दोन आठवडे तरी येतेच. रात्री अकरा ते सकाळी सात. आत जाताना गाऊन, टोपी, मास्क, बूटकव्हर सगळं घालावं लागतं. लघवीला जायचं म्हणजे ते सगळं उतरवायचं आणि परत घालायचं. पंधरा-वीस मिनिटं जातात, लाइन अडते, सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलतात. म्हणून मी ड्यूटीवर पाणीच पीत नाही. झोप येऊ नये म्हणून दोनदा चहा घेते. घरी आले की तांब्याभर पाणी गटागटा पिते, पुन्हा चहा, आणि नऊला पडते. तीनपर्यंत तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं. बसमधून उतरून घरी येते तर कुलूप उघडेपर्यंत दम निघत नाही. दोनदा दारातच कपडे ओले झाले. शिंकलं तरी थेंब जातो. वर्षात तीनदा उन्हाळी लागली, मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या. सासूबाई म्हणतात, दिवसाढवळ्या लोळते आणि वर दर तासाला उठबस करते. भाचीच्या लग्नाला गेले नाही, एसटीत पाच तास कसे काढू? कपड्याला वास येत असेल या भीतीने मिस्टरांपासूनही लांब झोपते. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल झाली आहेत. एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी विचारलं, रात्री किती वेळा उठता? मी म्हटलं, रात्री मी ड्यूटीवर असते. ते म्हणाले, मग काळजी नको. माझी लघवीची पिशवी कमजोर झाली का? ऑपरेशन लागेल का? नोकरी सोडता येणार नाही. आणखी एक. माझी मुलगी सातवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तीही दिवसभर लघवीला जात नाही, पाण्याची बाटली भरलेली परत आणते. तिलाही असं होईल का?

— एक वाचक, वाळूज

उत्तर:

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबले. 'रात्री किती वेळा उठता?' या प्रश्नाला तुम्ही खरं तेच उत्तर दिलंत आणि तिथेच तपासणी संपली. प्रश्नच तुमच्या मापाचा नव्हता. तुमची रात्र सकाळी नऊला सुरू होते आणि दुपारी तीनला संपते. त्या सहा तासांत तुम्ही तीन-चार वेळा लघवीसाठी उठता. जनरल शिफ्टला जाणाऱ्या बाईने 'मी रात्रीतून चार वेळा उठते' असं सांगितलं असतं, तर कुठल्याही डॉक्टरने कागद पुढे ओढून तपासण्या लिहिल्या असत्या. या त्रासाच्या वैद्यकीय व्याख्येतही आता 'रात्र' याऐवजी 'मुख्य झोपेचा काळ' असे शब्द वापरतात, ते तुमच्यासारख्यांसाठीच. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की पहिलं वाक्य असं बोला: 'मी पाळीत काम करते, सकाळी नऊ ते तीन झोपते, आणि त्या झोपेत चार वेळा लघवीला उठते.'

आता पिशवीबद्दल. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ती कमजोर झाली असेल असं मला वाटत नाही. ऑपरेशनचा विचार तर आज डोक्यातून काढूनच टाका. तुमच्या शरीरात काय चाललंय ते आधी सांगते, कारण ते कळलं की निम्मे उपाय तुमचे तुम्हालाच सुचतील.

मूत्रपिंडं चोवीस तास चालतात, पण एकाच वेगाने नाही. रात्र झाली की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं. ते मूत्रपिंडांना सांगतं, पाणी खाली सोडू नका, रक्तात परत घ्या. म्हणून रात्री लघवी कमी तयार होते आणि सकाळची पहिली लघवी पिवळीजर्द असते. मीठ बाहेर टाकण्याचं कामही रात्री मंदावतं. लघवीची पिशवीसुद्धा झोपेत जास्त साठवून घेते. हे वेळापत्रक सूर्याच्या उजेडावर लावलेलं असतं. तुम्ही आठवडाभर थर्डला गेलात म्हणून ते उलटं फिरत नाही. सकाळी कंपनीच्या बसमधून येताना डोळ्यांवर जे ऊन पडतं, ते शरीराला पुन्हा सांगतं की दिवस उजाडला. तुम्ही अंथरुणावर पडता तेव्हा मूत्रपिंडं नुकती जोमाने कामाला लागलेली असतात. वर दर आठवड्याला पाळी बदलते, म्हणजे शरीर एका वेळेला जुळवून घ्यायला लागलं की दुसरी वेळ येते.

त्यावर तुम्ही काय करता ते बघा. रात्रभर पाणी नाही, आणि मूत्रपिंडं वेगात येतात त्याच वेळी पोटात तांब्याभर पाणी आणि एक चहा. ते पाणी तासा-दोन तासांत पिशवीत उतरणारच. तुमची सहा तासांची झोप नेमकी त्या वेळात सापडते. सासूबाईंना जी उठबस दिसते, तिचं कारण एवढं साधं आहे.

हे तुमच्या एकटीचं नाही. इटलीत सरकारी रुग्णालयांतल्या १३६ कर्मचाऱ्यांना याबद्दल प्रश्न विचारले गेले. सगळे पन्नाशीच्या आतले. काही रात्रपाळीचे, काही फक्त दिवसपाळीचे. २०१९ मध्ये बार्सिलोनाला युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत त्याचे निष्कर्ष मांडले गेले. घाईची लघवी, वारंवार जावं लागणं, झोपेतून उठावं लागणं या तक्रारींचे गुण (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास) दिवसपाळीवाल्यांचे सरासरी १९ आले आणि रात्रपाळीवाल्यांचे ३१. या त्रासामुळे रोजचं जगणं किती अडतं याचेही गुण काढले होते. ते दिवसपाळीला ३१ आणि रात्रपाळीला ४१ होते. पाहणी लहान आहे. तिच्यावरून रात्रपाळीमुळेच आजार होतो असं सिद्ध होत नाही. पण आपल्याकडच्या नर्सेस, वॉचमन, टोलनाक्यावरच्या मुली, कॉल सेंटरवाले, सगळ्यांकडून मी हेच ऐकत आले आहे. फरक इतकाच की ते कुणी आपणहून सांगत नाही. डोकं दुखतं, पित्त होतं, झोप लागत नाही असं सांगतात आणि उठताना, दाराशी गेल्यावर, हळूच म्हणतात, 'आणखी एक होतं डॉक्टर.'

पहिलं काम म्हणजे वही. तीन दिवसांची. त्यातले निदान दोन दिवस थर्ड शिफ्टचे हवेत. घरात जुना मापाचा प्लॅस्टिक मग असेल, तो लघवी मोजायला बाजूला काढा. घरी असताना प्रत्येक वेळी वेळ आणि माप लिहा. कंपनीत मोजता येणार नाही, तिथे फक्त वेळ लिहा. काय प्यायलात, किती, कधी, तेही लिहा. चहा वेगळा. घाई झाली का, थेंब गेला का, तेही. आणि झोपेतून उठलात त्या प्रत्येक वेळी एक गोष्ट न विसरता लिहा: जाग कशाने आली? लघवीच्या कळेने, की पत्रा तापल्याने, की भोंग्यावाल्या भंगारगाडीने, की पोरांच्या आवाजाने? कारण झोप आधी मोडते आणि मग आलीच आहे जाग तर जाऊन येऊ, असंही पुष्कळदा होतं. त्याचा उपाय पिशवीवर नसून खोलीवर करावा लागतो.

वहीतले आकडे डॉक्टरला फार काही सांगतात. झोपेत उठल्यावर दर वेळी तीनशे-चारशे मिली लघवी होत असेल तर पिशवी ठीक आहे, मूत्रपिंडं त्या वेळी जास्त लघवी करत आहेत. मग पाणी, चहा, मीठ आणि साखर बघायची. दर वेळी साठ-सत्तर मिलीच होत असेल तर पिशवी अस्वस्थ आहे किंवा झोप कच्ची आहे. तुमच्या वयाला झोपेच्या काळातली लघवी चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या साधारण पाचव्या भागाएवढी असायला हवी. एकूण दीड लिटर होत असेल आणि त्यातली सातशे मिली झोपेतच होत असेल, तर हिशेब कुठे बिघडलाय ते कागदावरच दिसतं. आणि चोवीस तासांत तीन लिटरच्या आसपास किंवा जास्त लघवी होत असेल, तर वही पूर्ण व्हायची वाट न बघता साखर तपासून घ्या.

आता पाण्याचं. इथे मला तुमच्याशी जरा कडक बोलायचंय. ड्यूटीवर पाणी बंद करणं हा उपाय वाटतो, पण त्यातूनच उन्हाळी लागते. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, पिशवीच्या आतल्या अस्तराला झोंबते आणि थोड्याशा लघवीलाही कळ येते. सात-आठ तास पिशवी रिकामी झालीच नाही, तर आत शिरलेल्या जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. मी हे स्वतः भोगलंय. शिकत असताना वॉर्डात सलग दीड दिवसाच्या ड्यूट्या असायच्या. आमच्या मजल्यावर बायकांसाठी एकच संडास होता आणि रात्री त्याला कुलूप असायचं. मी पाणी पिणं सोडलं होतं. एका पहाटे हुडहुडी भरून ताप आला, उजव्या कुशीत हात लावू देईना. जंतू पिशवीतून मूत्रपिंडात चढले होते. मला काय होतंय ते मला पुस्तकातून पाठ होतं, तरीही मी दोन दिवस अंगावर काढलं, कारण सांगायची लाज वाटत होती. म्हणून तुमची लाज मला कळते, आणि म्हणूनच तुम्ही ती बाजूला ठेवावी असं कळकळीने सांगते.

पाण्याची वेळ बदला. चोवीस तासांचं मिळून दोन ते अडीच लिटर, मे महिन्यात आणखी. थर्डच्या आठवड्यात त्यातलं बरंचसं पाणी संध्याकाळी उठल्यापासून पहाटे चारपर्यंत संपवायचं, घोट घोट घेत. चारनंतर तहानेपुरतं. घरी आल्यावर अर्धा पेला, गोळी गिळण्याएवढं. पहिले तीन-चार दिवस तांब्याची आठवण येईल. पण रात्रीचं पाणी वेळेवर गेलेलं असलं की सकाळची ती कोरड राहत नाही.

चहातलं कॅफिन लघवी वाढवतं, पिशवीला चाळवतं आणि झोपही उडवतं. घेतलेल्या कॅफिनपैकी अर्धं पाच-सहा तासांनीही अंगात असतं. दोन वाजताचा चहा ठेवा, कारण मशीनजवळ डुलकी लागणं त्याहून वाईट. पहाटेचा आणि घरी आल्यावरचा मात्र बंद. त्याऐवजी गरम दूध चालेल, तेही अर्धा कपच. मिश्री लावत असाल तर झोपायच्या आधी ती नको. तंबाखूतलं निकोटीन झोप पातळ करतं. खरं तर ती पूर्णच सुटली तर बरं.

मिठाकडे कुणाचं लक्षच जात नाही. जपानमधल्या नागासाकीच्या डॉक्टरांनी झोपेतून लघवीला उठणाऱ्या रुग्णांना मीठ कमी करायला लावलं. ज्यांना ते जमलं त्यांचं रोजचं मीठ सरासरी १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आलं, आणि उठण्याचं प्रमाण रात्रीतून सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. ती माणसं तुमच्याहून वयस्क होती, पण मीठ पाणी धरून ठेवतं आणि नंतर ते लघवीवाटे निघतं, हे सगळ्या वयांना लागू आहे. रात्रीच्या डब्यात ठेचा, लोणचं, पापड, वर कॅन्टीनचं फरसाण, असं असेल तर त्यातलं एकच ठेवा.

आणि पाय. तुम्ही आठ तास उभ्या असता. सकाळी मोजे काढल्यावर घोट्याभोवती खोल वळ उठतात का बघा. उठत असतील तर पायांत पाणी साचतं आणि आडवं पडलं की ते रक्तात परत येऊन लघवी बनतं. घरी आल्यावर लगेच झोपू नका. अर्धा तास पाय दोन उशांवर किंवा भिंतीला टेकून वर करून पडा, मग लघवीला जाऊन या, मग झोपा. बाईला जेमतेम मिळालेल्या झोपेतला अर्धा तास मी मागते आहे, हे मला कळतं. पण त्या बदल्यात एखादी उठबस वाचते.

कुलपाची गोष्ट. किल्ली हातात आली की कळ अनावर होते, ही तक्रार डॉक्टरांना इतक्या बायका सांगतात की ती आम्हाला तोंडपाठ आहे. मेंदूने दार आणि लघवी यांची गाठ मारून ठेवलेली असते. ती सोडवता येते. कळ आली की धावू नका. धावलं की पोटावर दाब येतो आणि पिशवी आणखी आकुंचते. जागेवर थांबा. वायू सरताना आपण जसं आवरून धरतो तसे खालचे स्नायू पटापट पाच-सहा वेळा आवळा आणि सोडा. लांब श्वास घ्या. कळेची लाट ओसरते, खरंच ओसरते, मग शांतपणे कुलूप उघडा. पहिल्या आठवड्यात फसेल. कंपनीतून निघण्याआधी लघवीला जाऊनच बसमध्ये चढायचं, हा नियम मात्र आजपासून.

शिंकताना थेंब जातो तो प्रकार वेगळा. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावतात. पिशवी, गर्भाशय आणि गुदद्वार यांना खालून झोळीसारखं तोलून धरणारे ते स्नायू. त्यांचा व्यायाम आहे, त्याला पैसे लागत नाहीत आणि बस, लाइन, स्वयंपाकघर कुठेही करता येतो. वर सांगितल्यासारखे ते स्नायू आवळून पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जा. पोट, मांड्या, श्वास यांतलं काही आवळायचं नाही. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. फरक दिसायला तीन महिने लागतात. बहुतेक बायका तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. लघवी करताना मधेच थांबवून सराव करू नका, त्याने पिशवी नीट रिकामी होत नाही. बसल्यावर खाली काही ओघळल्यासारखं, अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर ते तपासणीत स्पष्ट सांगा. पोट साफ होत नसेल तर तेही, कारण बद्धकोष्ठाचा दाब पिशवीवर येतो.

मेडिकलच्या गोळ्यांबद्दल. वर्षात तीनदा उन्हाळी लागली म्हणता, पण लघवी एकदाही तपासली नाही. त्या तीनपैकी किती वेळा खरा जंतुसंसर्ग होता आणि किती वेळा फक्त घट्ट लघवीची जळजळ होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दोन दिवस अँटिबायोटिक घेऊन बरं वाटलं की थांबवलं, असं झालं असेल तर उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात. पुढच्या वेळी जळजळ झाली की गोळी घ्यायच्या आधी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे त्यात कुठले जंतू वाढतात ते बघणारी तपासणी, करा. पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यायची. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, त्रास जास्त असेल तर डॉक्टर नमुना घेऊन औषध सुरू करतील आणि रिपोर्ट आल्यावर हवं तर बदलतील.

आता लगेच करायच्या तपासण्या: लघवीची साधी तपासणी, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन, आणि पोटाची सोनोग्राफी. सोनोग्राफीवाल्यांना सांगा की लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते तेही मोजा. वर्षानुवर्षं तुंबवून ठेवलेल्या पिशवीत कधी कधी लघवी मागे उरते, आणि तसं असेल तर उपचार बदलतात. साखरेचा आग्रह यासाठी की पाळीत काम करणाऱ्यांना मधुमेहाचा धोका जास्त असतो, आणि रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरून पाणी ओढून नेते. तुमचा पगार महिना २१ हजारांच्या आत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत बसता. पगाराच्या ०.७५ टक्के रक्कम तिथेच तर जाते. कार्ड घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जा, या तपासण्यांना खिशातून पैसे घालायची गरज नाही.

लघवीतून रक्त गेलं, थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागलं, लघवी अडली, पायांत किंवा जांघेत बधिरपणा आला किंवा दिवस गेले असण्याची शक्यता असली, तर सुट्टीची वाट बघू नका. त्याच दिवशी दाखवा.

वही, पाणी आणि व्यायाम यांनी दोन-तीन महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही तर पिशवीचा चाळा कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. त्यांतल्या काहींनी तोंड कोरडं पडतं, पोट जड होतं. लघवी कमी करणारं डेस्मोप्रेसिन नावाचं औषध कुणी सुचवलं तर ते आपल्या मनाने कधीच घेऊ नका. त्याने रक्तातलं सोडियम धोकादायक उतरू शकतं.

इथवर सगळं तुम्ही करायचं सांगितलं. पण सारा भार तुमच्यावरच टाकणं मला पटत नाही. आठ तासांत लघवीला न जाता काम करा, अशी अपेक्षा कुठलाच कायदा ठेवत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम १९ ने तेव्हाच सांगून ठेवलं होतं की संडास आणि मुताऱ्या पुरेशा हव्यात, सोयीच्या जागी हव्यात, बायकांच्या वेगळ्या हव्यात, आणि कामगार कारखान्यात असेपर्यंत कुठल्याही वेळी त्यांना वापरता आल्या पाहिजेत. गाऊन बदलायला वीस मिनिटं लागतात ही औषध कंपनीची खरी अडचण आहे, ती मी नाकारत नाही. औषधात धूळ-केस जाऊन चालत नाहीत. पण ती अडचण कंपनीने सोडवायची आहे, बाईच्या पिशवीने नाही. एक जादा रिलिव्हर, म्हणजे बाहेर गेलेलीच्या जागी उभी राहणारी बदली कामगार, ठेवून प्रत्येकीला दर तीन तासांनी पाळीपाळीने बाहेर सोडलं, तर लाइनही थांबत नाही. हे एकटीने बोलू नका. तुमच्या लाइनवरच्या बाकीच्या जणींना विचारा. माझी खात्री आहे की निम्म्याजणी पॅड लावून येत असतील. सगळ्यांनी मिळून कंपनीच्या डॉक्टरांकडे आणि सुरक्षा समितीकडे अर्ज द्या, चार ओळींचा: 'थर्ड शिफ्टमध्ये पॅकिंग विभागातील महिलांना लघवीसाठी बाहेर जाता येत नाही. त्यामुळे वारंवार मूत्रसंसर्ग होत आहे. दर तीन तासांनी रिलिव्हर देऊन बाहेर जाण्याची सोय करावी.' तारीख घाला, पोच घ्या. सुपरवायझर तोंडी बोलतात, पण कागदाला उत्तर द्यावं लागतं. पाळ्या लावणाऱ्यांना एक विचारून बघा: फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर थर्ड असा क्रम ठेवता येईल का? शरीराला उलट क्रमापेक्षा हा क्रम जास्त सोसतो.

घरचं. सासूबाईंना आजाराचं नाव सांगण्यापेक्षा वही दाखवा. साडेदहा, पावणेबारा, दीड, अशा उठल्याच्या वेळा लिहिलेल्या दिसल्या की 'लोळते' हा शब्द त्या पुन्हा वापरणार नाहीत असं मला वाटतं. त्यांना एकच काम द्या, नऊ ते एक दाराची बेल आणि पोरांचा आवाज सांभाळायचा. खिडकीला जाड चादर, पत्र्याखाली जमेल तर थर्माकोल किंवा ओलं गोणपाट, बसमध्ये डोळ्यांवर गडद चष्मा. सलग सहा तास नाहीच जमले तर नऊ ते दीड आणि मग संध्याकाळी ड्यूटीच्या आधी दीड तास, अशी दोन तुकड्यांची झोपही चालते.

मिस्टरांशी बोला. तुम्ही लांब झोपता याचं त्यांनी काय कारण समजून घेतलंय, तुम्हाला माहीत आहे का? बहुधा चुकीचंच. वासाची तुम्हाला वाटते तेवढी भीती धरू नका. पाणी पुरेसं असलं आणि ओला कपडा लगेच बदलला तर वास येत नाही. संबंधांच्या आधी आणि नंतर लघवीला जाऊन आलं की जंतुसंसर्गाचा धोकाही कमी होऊ शकतो. आणि ते लग्न हुकलं याचं मला फार वाईट वाटलं. पाच तासांच्या एसटीत गाडी मधे कुठे तरी दहा-पंधरा मिनिटं थांबते. निघण्याआधी दोन तास चहा बंद, पाणी घोट घोट, गाडी थांबेल तिथे कळ नसली तरी उतरायचं, आणि हातातल्या पिशवीत एक पॅड व एक सलवार जादा. भाचीकडे आता तिच्या पहिल्या सणाला जाऊन या.

मुलीबद्दल विचारलंत ते बरं केलं. तुमचा रात्रपाळीचा त्रास तिला होणार नाही, पण तुंबवून ठेवायची सवय या वयात लागते आणि मुलींना जंतुसंसर्ग लवकर होतो. तिला रागावू नका. आधी विचारा की शाळेतल्या संडासाला आतून कडी आहे का, पाणी येतं का, मुलं दाराबाहेर उभी राहतात का. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलींचा वेगळा संडास आणि प्यायचं पाणी शाळेत असलंच पाहिजे. त्याच कायद्याने नेमलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. म्हणजे तुमच्यासारख्याच कुणी तरी तिथे बसलेल्या आहेत. पुढची सभा कधी आहे ते तिच्या बाईंना विचारा. सकाळची असेल तर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तुम्हाला जमेल. तोवर तिला एवढंच सांगा की मोठ्या सुट्टीत मैत्रिणीला घेऊन जाऊन यायचं, एकीने दार धरायचं, आणि संध्याकाळी बाटली निदान अर्धी तरी संपलेली आणायची.